समासात काही नाही

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जून

सरिता,

मायना दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. या तिसऱ्या कागदावर नुसतं नाव घातलं आहे. तेवढं चालवून घे.

मी चारुता. तीस वर्षांपूर्वी विद्यालयाच्या वसतिगृहात तुझ्या खाटेशेजारची खाट माझी होती. माझं अक्षर बदललेलं नाही, तेव्हा पाकिटावरूनच ओळखलं असशील. तू माहेरचीच जमीन करतेस आणि तुझा मुलगा शहागंजात बियाण्यांच्या दुकानात बसतो, असं गंगापूरकडच्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. म्हणून दुकानात गेले. ऋतुराजनं मला ओळखायचं काही कारण नव्हतं. त्यानं पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "फोन लावून देऊ का? आत्ताच बोला की आईशी." मी नको म्हणाले. "चिठ्ठ्या कोण लिहितं आता," असं पुटपुटला, पण पाकीट वरच्या खणात नीट ठेवलं. हात तुझ्यासारखे आहेत त्याचे.

काम असं आहे. येत्या गुरुपौर्णिमेला विद्यालयाला चाळीस वर्षं होतात. त्या दिवशी माझा तो विहिरीवरचा अनुभव दगडात कोरून दर्शनी दाराशी बसवायचा, असं विश्वस्तांनी ठरवलं आहे. विश्वजित म्हणून सचिव आहेत, त्यांना मजकूर हवा आहे. मजकूर तयारच आहे. मी तो दर वर्षी पहिल्या दिवशी नव्या मुलींना सांगते. पहिल्या वर्षाच्या पुस्तिकेत तो छापलेलाही आहे. मी आता इथं मुख्य आचार्य आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल.

परवा तो सांगून झाला आणि मागच्या ओळीतल्या मुलीनं हात वर केला. अपेक्षा तिचं नाव. मला वाटलं प्रकाशाबद्दल विचारील. सगळ्या प्रकाशाबद्दलच विचारतात: कसा होता, किती वेळ होता, डोळे मिटले तरी दिसत होता का. याची उत्तरं माझ्याकडे आहेत, आधारासकट.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही विहिरीवर काय करत होता?"

मी म्हणाले, उभी होते.

"नुसत्याच?"

हो म्हणाले. तिनं लिहून घेतलं आणि खाली बसली. त्या तासाला पुढं मी काय शिकवलं ते आठवत नाही.

तू तिथं होतीस, म्हणून तुला विचारते. विहिरीवर काय चाललं होतं? आधी काय झालं? दोन ओळी पुरेत.

चारुता


२१ जून

सरिता,

आज पुन्हा दुकानात गेले होते. ऋतुराज एका शेतकऱ्याला कपाशीच्या बियाण्याची पाकिटं दाखवत होता. मला पाहून म्हणाला, "दिली चिठ्ठी. आई म्हणाली, पोचली."

मी थांबून राहिले.

"बस, इतकंच," तो म्हणाला. मग त्यालाच अवघडल्यासारखं झालं असावं. "बसा ना बाई, चाय मंगवतो." मी बसले नाही.

पोचली, हेही उत्तर आहे असं धरून पुढं लिहिते.

मी विद्यालयातच राहते. वर्गांच्या वर दोन खोल्या आहेत. आई-वडील गेल्यावर घर विकलं, तेव्हापासून इथंच. जिना एकच आहे आणि तो मोठ्या वर्गातून उतरतो. भाजी आणायला निघाले तरी मुली उठून उभ्या राहतात. मी पिशवी पदराआड धरते. पहाटे पाचला माझ्या खोलीचा दिवा लागला की खाली अंगणात बसलेल्या मुली डोळे मिटतात. आपले गुरुजी गेल्यापासून ही पद्धत पडली. कुणी पाडली माहीत नाही. आजारी असले तरी मी दिवा लावते. दिवा लावून मग काय करते, ते पुन्हा केव्हातरी.

वह्यांची पद्धत तीच आहे, आपल्या वेळची. पानावर उजवीकडे आपलं वाक्य, डाव्या समासात त्याचं प्रमाण: कुठला ग्रंथ, कितवा अध्याय, कितवं वचन. ज्या वाक्याला प्रमाण मिळत नाही त्यावर तांबडी रेघ. तिसऱ्या वर्षाअखेर वहीत एकही रेघ नसली की मुलगी उत्तीर्ण. सगळ्या उत्तीर्ण होतात. पहिल्या वर्षी पानं तांबडी असतात, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षी स्वच्छ. तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या वह्या एकसारख्या असतात. मी ती प्रगती समजत आले आहे. तांबडी शाई आता माझ्या टेबलावर असते.

गेल्या आठवड्यात अपेक्षाच्या वहीत एक वाक्य होतं. 'मेसमध्ये भांडी घासताना शेजारी कुणीतरी उभं आहे असं कळलं, मी घासत राहिले.' मी रेघ मारली. रेघ मारून झाल्यावर वाक्य वाचलं.

वही परत दिली तेव्हा तिनं ती उघडली. रेघ बघितली, मान हलवली. तशी मान मी आधी एकदा पाहिली आहे.

एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी 'माझा अनुभव' असं लिहिलं. तू तिथं होतीस, असंही लिहिलं. हे दोन्ही एकत्र वाचून तू पत्र बाजूला ठेवलं असशील. सुटीत मी तुमच्या गावी आले होते; त्या संध्याकाळी तुमच्या ओट्यावर बसून तू सांगत होतीस आणि मी लिहून घेत होते. तुझी वही वसतिगृहात राहिली होती, म्हणून ते माझ्या वहीत लिहिलं. परत गेल्यावर तू ते तुझ्या वहीत उतरवून घ्यायचं, असं आपलं ठरलं होतं.

आज एवढंच लिहिता येतं.

चारुता


२ जुलै

सरिता,

ऋतुराज म्हणाला, "वाचली म्हणाली." मग म्हणाला, "तुमचं आईचं काही भांडण होतं का, बाई?" मी म्हणाले, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. तो हसला. त्याला ते विनोदासारखं वाटलं.

मी आता क्रमानं लिहिते. तुला सगळं माहीत आहे. तरी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असावं.

कापूस वेचणीची सुटी संपवून आपण सोमवारी गंगापूरहून जीपनं निघालो. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर निघेना. उशीर झाला आणि आपण ट्रंका घेऊन सरळ वर्गातच गेलो. उतरवून घ्यायचं राहिलं. गुरुजींनी वह्या मागितल्या. माझी वही वरच होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि मध्येच चष्मा काढला. पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. पुठ्ठा उलटून नाव पाहिलं. चारुता मुकुंद देवगावकर.

ते म्हणाले, "चारुता, हे उभी राहून वाच."

मी उभी राहिले आणि वाचलं.

तू माझ्या मागं दोन आसनं सोडून होतीस. मी वळले नाही. वाचून संपलं तेव्हा गुरुजींचे डोळे ओले होते. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. वडिलांनी लहानपणापासून मला वचनं पाठ करायला लावली होती. आजोबा भिक्षुकी करत, वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते आणि घरात देवाबद्दल माहिती पुष्कळ होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू माझ्याकडे माहितीखेरीज काहीतरी आहे.

सरिता बोलली असती तर मी लगेच हो म्हटलं असतं, असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आले. तू का बोलावंस, हे कधी विचारलं नाही. तुझ्या प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी तुझ्या वडिलांना विचारलं होतं, पोरीला नीट वाचता तरी येतं ना. माझ्या वडिलांना त्यांनी तसं काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी तुझी वही उघडली.

"सरिता, सुटीत काहीच नाही?"

तू म्हणालीस, "लिहिलं नाय."

"लिहिलं नाही, म्हणजे झालं नाही," ते म्हणाले. ते त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, सगळ्यांना म्हणायचे. तुला लागावं म्हणून म्हणाले नाहीत. तू मान हलवलीस.

पुढचा आठवडाभर ते रोज संध्याकाळी मला बोलवायचे आणि आम्ही तुझ्या वाक्यांना प्रमाणं शोधायचो. पहिल्याच वाक्याला मिळालं नाही, तिथं रेघ. दुसऱ्याला नाही, तिथं रेघ. तिसऱ्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि म्हणाले, हे असं कुठंच आलेलं नाही, नकोच. शेवटच्या वाक्याला चांगलं प्रमाण मिळालं. ते राहिलं. पण एकट्या वाक्याला आधी काहीतरी हवं, आणि ग्रंथात अशा ठिकाणी प्रकाश आहे, म्हणून प्रकाश आला. मी स्वच्छ प्रत काढली. जुनं पान त्यांनी फाडलं. ते तेव्हा खूष होते, आणि मीही होते. काहीतरी घडतं आहे असं वाटत होतं.

ती खोडलेली वाक्यं मला आठवत नाहीत, सरिता. मी खरंच प्रयत्न केला. स्वच्छ प्रत मी इतक्यांदा बोलले आहे, की तिच्या खाली काही सापडत नाही. म्हणून तुला पहिलं पत्र लिहिलं. माफी मागायला लिहिलं नव्हतं, हे आता कबूल करते. दगडावर चूक नको, म्हणून लिहिलं होतं.

परीक्षेच्या आधी तू ट्रंक घेऊन गेलीस. मी बसस्टँडपर्यंत आले नाही. पाठांतराचा तास होता.

दिवा लावून काय करते, ते सांगायचं राहिलं आहे. बसते. पाठ ताठ, श्वास जसा सांगितला आहे तसा. तीस वर्षांत मला एकदाही काही झालेलं नाही. आजारपणात नाही, आई गेली तेव्हा नाही, वेरूळच्या लेण्यांत एकटी बसले तेव्हा नाही. मी लबाड असेन, आळशी नव्हते. कुठलंही वाक्य माझ्यासमोर ठेव, मी त्याचं प्रमाण डाव्या समासात लिहून देईन. समासाच्या उजवीकडे माझं स्वतःचं एकही वाक्य नाही.

आणि मी मुलींची वाक्यं खोडते.

गुरुपौर्णिमेला सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझ्या नावासकट, गावासकट. हरकत असेल तर ऋतुराजकडे निरोप दे. हरकत नसली तरी दे.

चारुता


११ जुलै

सरिता,

तुझा निरोप मिळाला. "तुमचं तुम्ही बघा." ऋतुराजनं तो खाली बघून सांगितला.

काल मी सांगितलं.

हॉल भरला होता. जुन्या मुली आल्या होत्या, काहींच्या कडेवर नातवंडं. पुण्याहून एक आचार्य पाहुणे बोलावले होते. दगड दाराशी बसवून झाला होता, वर शाल घातलेली. मी उभी राहिले. लिहून नेलं नव्हतं. म्हणाले की हा अनुभव मला आलेला नाही. तो सरिताला आला. ती गंगापूरजवळ शेती करते, जिवंत आहे, तिचा मुलगा शहागंजात असतो. तिनं सांगितलं, मी माझ्या वहीत लिहिलं, गुरुजींना तो माझा वाटला आणि मी गप्प बसले. तिची वही कोरी म्हणून तिला खाली मान घालायला लागली. आणि प्रकाश नंतर घातलेला आहे. एकही वाक्य मी असं बोलले नाही ज्याचा दुसरा काही अर्थ काढता येईल. मी शिक्षिका आहे, मला ते जमतं.

बोलून झाल्यावर मी खाली बसले. मला वाटलं, झालं.

मग पाहुणे आचार्य उठले. डोळे पुसत होते. म्हणाले, ज्ञानाची खूण कोणती, तर ज्ञानी माणूस स्वतःकडे काही ठेवत नाही. आपल्या आयुष्यातली एकमेव गोष्ट एका शेतकरी बाईच्या ओटीत घालून बाई मोकळ्या झाल्या. याला आधार आहे, आणि त्यांनी वचन म्हटलं. वचन बरोबर होतं. उच्चारही शुद्ध होते.

मी पुन्हा माईक घेतला. म्हणाले, नाही, मी दान दिलेलं नाही, मी चोरलेलं आहे. त्यावर टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एक वृद्ध बाई रडत होत्या. मुली पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या आणि त्या रांगेच्या पलीकडं दार होतं. शाल काढली. मजकूर जुनाच आहे. प्रकाश आहे. खाली माझं नाव आहे.

नंतर विश्वजितच्या खोलीत जाऊन राजीनामा दिला. त्यांनी दार लावलं. ते वाईट माणूस नाहीत.

"बाई, मला कळलं तुम्ही काय म्हणालात," ते म्हणाले. "शब्दशः कळलं. मी सगळ्यांचे चेहरे बघत होतो. बहुतेक मला एकट्यालाच कळलं."

मी म्हणाले, मग तुम्ही तरी सांगा.

"कुणाला? इतक्या वर्षांच्या मुली घरोघर हेच शिकवतात. त्यांच्या वह्या परत मागवायच्या?" मग म्हणाले, "आणि तुम्ही जाणार कुठं?" राजीनाम्याची घडी घालून त्यांनी तो माझ्याच हातात दिला.

ती घडी घेऊन जिना चढून वर आले.

संध्याकाळी अपेक्षा आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमचं आजचं बोलणं उतरवून घेतलंय. सगळं, जसंच्या तसं." वही पुढं केली. खरंच सगळं होतं. तुझं नाव, गाव, कोरी वही. चोरलेलं, हा शब्दसुद्धा. तिला कळलं होतं की नव्हतं ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना. मग तिनं डाव्या बाजूला बोट ठेवलं.

"समास रिकामा आहे. याला प्रमाण कोणतं लिहू?"

आणि मी सांगितलं. ग्रंथ, अध्याय, वचन. मी विचार केला नाही, सरिता. नळ सोडावा तसं आलं. तिनं उभ्यानंच लिहिलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. दार लावलं तेव्हा मला कळलं मी काय केलं.

पुढच्या रविवारी तुझ्याकडे येते. निरोप पाठवू नकोस. येऊ नका म्हणालीस तर मला यावं लागणार नाही, आणि ती सवलत मला नको आहे.

चारुता


२२ जुलै

सरिता,

परवा तुझ्याकडून निघाले ते नीट निरोप न घेता. जीप उभी होती आणि ऋतुराज माझ्यासाठी जागा धरून बसला होता. म्हणून हे पत्र. तू तिथं होतीस, तरी झालं ते लिहिते. या वेळी समोरचीला विचारून लिहिते आहे: काही चुकलं असेल तर खोड. तांबड्या शाईनं खोडलंस तरी चालेल.

तू खुरपत होतीस. मला पाहून उभी राहिलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "या बाई." खाटेशेजारच्या खाटेवरची मी, मला बाई. पुढं सगळा वेळ तुम्ही. ते बरोबरच आहे. तरी लागलं, तेही लिहून ठेवते.

चहा दिलास. माझी पत्रं आरशाच्या मागं खोचलेली होती, उघडलेली. मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "तुम्ही विचारलं व्हतं, काय करत व्हते. हात धूत व्हते. बोंडांनी फाटले व्हते." आणि हात पुढं करून दाखवलेस, जणू कालच फाटले होते.

मी विचारलं, मग पुढं?

"पुढचं नाय आठवत."

मी थांबून राहिले.

"गुरुजी म्हणले, झालं नाय," तू म्हणालीस. "लई शिकलेला माणूस. मी म्हणलं, नसंल झालं. दोन-चार वर्षं आठवायचं अधूनमधून. मग म्हणलं, जे झालंच नाय ते काय आठवायचं." हे तू रागानं म्हणाली नाहीस. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. मी इतकी वर्षं समजत होते, की तुझं ते तुझ्याकडे असेल. मी फक्त त्याचं नाव घेतलं आहे, वस्तू तुझ्या घरी आहे. ती तिथंही नव्हती.

मग तू म्हणालीस, "तुम्हीच सांगा की. दर सालाला सांगता म्हणं पोरींना. मलाबी सांगा."

तू थट्टा करत नव्हतीस. खुरपं मांडीवर आडवं ठेवून ऐकायला बसलीस. मी सुरुवात केली. दुसरं काही येत नाही म्हणून जे येतं तेच आलं. मी विहिरीवर उभी होते, आणि एकाएकी प्रकाश—

"उजेड नव्हता," तू म्हणालीस. "दिवस मावळला व्हता. तुम्ही मोटार बंद कराया गेला व्हता."

मी थांबले. मोटारीचं मला आठवत नव्हतं.

आपण विहिरीकडे गेलो. मोटारीची ती पत्र्याची खोली अजून आहे, खटक्याची पेटी नवी आहे. तू हात धुवायला वाकलीस. मी पेटीपाशी जाऊन उभी राहिले, का ते माहीत नाही. तेवढ्यात रस्त्यावरून ऋतुराजनं हाक मारली, जीप आली म्हणून. तू न वळता म्हणालीस, "व्हय."

त्या आवाजात ते सगळं होतं.

त्या संध्याकाळी मी खटका दाबला होता. मोटार थांबली. दिवसभर तिची घरघर कानात होती आणि ती गेल्यावर एकदम सगळं शिवार ऐकू यायला लागलं. तू हात धूत होतीस, पाठमोरी. आणि तू म्हणालीस, "व्हय." अगदी असंच. घरातल्या माणसानं हाक मारल्यावर ओ द्यावी तसं. तुला कुणी हाक मारली नव्हती. तिथं मी होते आणि मी बोलले नव्हते.

तेच तिसरं वाक्य. गुरुजी ज्याच्यापाशी थांबले, ते. 'मागून कुणीतरी आल्यासारखं वाटलं, मी व्हय म्हणाले.' असं कुठंच आलेलं नाही म्हणाले ते, आणि खरंच आलेलं नाही. मी नंतर सगळं वाचलं आहे.

मी तुला म्हणाले, "तू व्हय म्हणाली होतीस."

"कुनाला?"

"कुणालाच नाही. मोटार बंद झाली होती. तिथं कुणी नव्हतं."

तू ओले हात तसेच धरून उभी राहिलीस. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. बऱ्याच वेळानं म्हणालीस, "म्हणले असंन." मग माझ्याकडे बघितलंस. आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलंस. "म्हंजी तुला ऐकू आलं व्हतं."

ऋतुराजनं पुन्हा हाक मारली आणि मी निघाले.

काल नवी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलं आहे: मोटार बंद केली तेव्हा सरिता व्हय म्हणाली, तिथं दुसरं कुणी नव्हतं, मी ऐकलं. समासात काही नाही. देवाच्या बाबतीत माझ्याकडे एवढंच आहे, आणि ते तीस वर्षं माझ्याकडे होतं.

बाकी काही बदललेलं नाही. दगड आहे. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाच्या माहितीपत्रिका छापून आल्या, त्यावर माझा फोटो आहे. आज पहाटे दिवा लावला नाही. खाली मुली डोळे उघडे ठेवून बसून राहिल्या. मग त्यांच्यातल्या कुणीतरी वर येऊन बाहेरून दार वाजवलं आणि विचारलं, बाई, बरं नाही का. मी दिवा लावला.

अपेक्षाला आता बोलावलं आहे. तिच्या वाक्यावरची रेघ पुसता येत नाही, शाई पक्की आहे. ते वाक्य तिला पुन्हा लिहायला सांगणार आहे, तिच्या हातानं, तिच्याच वहीत. भांडी, शेजारी उभं असलेलं कुणीतरी, सगळं. ती लिहील. मग डाव्या बाजूला बोट ठेवील आणि विचारील.

तेव्हा बोलायचं होतं आणि मी गप्प बसले. आज फक्त गप्प बसायचं आहे.

जिन्यावर तिची पावलं ऐकू येतात.

चारुता